रॅम टाकली तरी रेकॉर्डिंग का अडकतं?

"रॅम टाक, भाऊ." कॉम्प्युटरवर गेम रेकॉर्ड करताना व्हिडिओ अडकतो, असं शहागडात कुणालाही सांगा, पहिलं उत्तर हेच येतं. मग पोरगं घरी पैसे मागतं, जालन्याची नाहीतर संभाजीनगरची गाडी धरतं आणि ८ जीबीची १६ जीबी करून येतं. गेम आधीही नीट चालत होता, आताही चालतो. व्हिडिओ आधीही अडकत होता, आताही अडकतो. त्यावर पुढचा सल्ला तयारच असतो: "मग कार्डच बदल."

पैसे जातात, कारण अडकतंय कुठे हे कुणी बघतच नाही.

१०८०पी चित्राच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. ग्राफिक्स कार्डाने चित्र काढायचं, रेकॉर्डरने ते उचलायचं, एन्कोडरने दाबून लहान करायचं. ही सगळी कामं याच गतीने सुरू राहावी लागतात. एक पायरी मागे पडली की फ्रेम गळते. रॅम म्हणजे माल ठेवायची जागा. कारखान्याचं आवार वाढवलं म्हणून गाळप वाढत नाही, हे गोदाकाठच्या ऊसवाल्यांना काय सांगायचं!

रॅम कधीच कामाची नाही, असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी काठोकाठ भरलेली दिसत असेल तर ती जरूर वाढवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर दुसरी पट्टी लावल्यावर ड्युअल चॅनलमुळे गेमचा वेग खरोखर वाढतो. पण ही दोन कारणं सोडून रॅमवर खर्च करणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

अंदाज करायची गरजही नाही. ओबीएस हा फुकट मिळणारा रेकॉर्डर बहुतेकांकडे असतोच. त्यात 'स्टॅट्स' नावाची चौकट आहे. रेकॉर्डिंग चालू असताना ती उघडी ठेवा आणि गळालेल्या फ्रेमचे आकडे बघा.

'रेंडरिंग लॅग' वाढत असेल तर गेम ग्राफिक्स कार्डाची सगळी ताकद खातोय. ओबीएसला चित्र जुळवायला काही उरत नाही. म्हणूनच खेळताना सगळं गुळगुळीत दिसतं आणि व्हिडिओ मात्र धक्के खातो. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेटला ६० ची मर्यादा घाला, सावल्या वगैरे कमी करा. विंडोजवर ओबीएस 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. त्याने ओबीएसला कार्डावर अग्रक्रम मिळतो.

'एन्कोडिंग लॅग' वाढत असेल तर एन्कोडर दमलाय. एक्स२६४ निवडलेलं असेल तर हे काम प्रोसेसरवर पडतं, आणि तो आधीच गेममध्ये गुंतलेला असतो. एनव्हीडियाच्या बऱ्याच कार्डांत २०१२ पासून एनव्हेंक आणि इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत २०११ पासून क्विक सिंक हे खास याच कामाचे वेगळे भाग असतात. ते निवडा. मात्र खरेदीआधी चौकशी करा: जीटी १०३० या स्वस्त कार्डात एनव्हेंक नाही, आणि नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरांत क्विक सिंक नाही. दोन्ही नसेल तर ७२०पी आणि ३० फ्रेमवर या. सेकंदाला हाताळायचे पिक्सेल साडेचार पटींनी कमी होतात, आणि खर्च शून्य.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"नेट स्लो आहे म्हणून अडकतं." रेकॉर्डिंगला नेट लागतच नाही. स्टॅट्समधला नेटवर्कचा आकडा फक्त लाइव्ह करणाऱ्यांसाठी.

"एसएसडीशिवाय जमत नाही." ४० एमबीपीएसचं रेकॉर्डिंग सेकंदाला ५ मेगाबाइट लिहितं. धडधाकट जुनी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट लिहिते.

"बिटरेट कमी कर." त्याने फाइल लहान होते आणि चित्र फुटतं, एन्कोडरचा भार फारसा हलत नाही.

"प्रीसेट 'स्लो' ठेवला की मशीनला आराम." उलट. स्लो म्हणजे एका फ्रेमवर जास्त मेहनत. एक्स२६४ वापरायचंच असेल तर 'व्हेरीफास्ट' किंवा त्याहून हलका ठेवा.

"लॅपटॉपला चार्जर नको, बॅटरी फुल आहे." बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप स्वतःच ताकद आखडतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापल्यावरही तेच करतात.

"लाइट गेली की रेकॉर्डिंग गेलंच." साध्या एमपी४ फाइलची सूची शेवटी लिहिली जाते, म्हणून मध्येच वीज गेली तर ती फाइल उघडत नाही. एमकेव्ही निवडा, वीज जाईपर्यंतचा बहुतेक भाग शाबूत राहतो. नंतर ओबीएसमधल्याच 'रीमक्स'ने तिची एमपी४ होते, चित्राचा दर्जा न घटता. भारनियमनाच्या मुलखात ही सेटिंग पहिल्याच दिवशी करून टाकावी.