भिंतींवरचे दप्तर

निपाणीच्या तंबाखूच्या वखारी मागे टाकून, तवंदीचा घाट नि संकेश्वर ओलांडून बेळगावी येणाऱ्या मराठी माणसास तेथे पाहण्याजोगे काय असे पुसले, तर किल्ला, किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती आणि फार तर सफा मशीद सांगून तो मोकळा होतो. कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चची ‘साहेबाचे देऊळ’ एवढ्या दोन शब्दांत वासलात लागते.

1818 च्या एप्रिलात, वीस दिवसांच्या वेढ्यानंतर, पेशव्यांचा हा किल्ला जनरल मन्रोच्या हवाली झाला. मागोमाग छावणी वसली. लंडन मिशनचे जोसेफ टेलर 1820 मध्येच येथे दाखल झाले आणि सेंट पॉल्स विद्यालय 1856 मध्ये निघाले. सेंट मेरीजची इमारत पुरी व्हावयास मात्र 1869 साल उजाडले. तिची धाटणी गॉथिक. टोकदार कमानी, रंगीत काचा, आणि काचांतून उतरून बाकांवर सांडलेला तांबडा-निळा उजेड, हे सारे मनोहर खरे. परंतु कमानींचा नमुना विलायतेहून आणता येतो, भिंतींवरच्या स्मृतिशिलांतले मृत्यू मात्र याच मुलखातले. पलटण, हुद्दा, वय, मृत्यूची तारीख, मागे राहिलेल्यांचा शोक, अशा चार ओळींत एकेका आयुष्याचा हिशेब चुकता केलेला. आमच्या मते छावणीचे सर्वांत बोलके दप्तर कचेरीत नसून या भिंतींवर आहे.

  

आज बेळगावात कोणी मराठीत उपासना करतो, कोणी कन्नडात, कोणी कोंकणीत मिसा ऐकतो, कोणी इंग्रजीत. 1953 पासून येथे कॅथलिक धर्मप्रांताचे पीठही आहे. सीमेचा दावा न्यायालयात खितपत पडला असताना देवाच्या दारी हा तंटा वेळा वाटून घेऊन मिटावा, याचे आम्हांस कौतुक वाटते.

जाणाऱ्याने उपासनेची वेळ टाळावी, रखवालदाराची परवानगी घ्यावी, आणि काचांकडे मान वर करण्याआधी भिंती वाचाव्यात.