केळीचा डाग

भेंडी आडवी कापायची, तिचं तोंड रंगात बुडवायचं आणि कागदावर दाबायचं. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. आपल्याकडच्या बहुतेक मुलांची छापचित्रकलेशी पहिली ओळख अशी स्वयंपाकघरातून होते. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत ‘संकल्पचित्र’ येतं. तिथे एकच पान, एकच फूल उलटसुलट मांडून चौकोन भरायचा असतो. परीक्षा संपली की हा विषयही संपतो. मग दुकानात चादर किंवा साडी उलगडून ‘डिझाइन बरं आहे’ म्हणण्यापुरताच तो उरतो.

माझ्या ओळखीच्या एका मुलीचा मात्र तो सुटला नाही. ती यावल तालुक्यातल्या एका खेड्यातली, धुळ्यात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई केळीच्या बागांत मजुरीला जाते. या मुलीने भेंडीच्या जागी केळीचं खोड घेतलं आणि रंगाच्या जागी केळीचाच चीक. सुट्टीत घरी जाताना जळगावला उतरते, कापडांची वळकटी माझ्यासमोर सोडते आणि विचारते, ‘काका, हा रंग टिकेल का?’ मी बीए झालेला कवी माणूस, रसायनशास्त्र माझा प्रांत नाही. पण माझ्या आजोळी रंगरेजाचं काम होतं, हे तिने कुठूनतरी ऐकलेलं. तिच्या प्रश्नामुळे मी गेलं वर्षभर जे वाचलं, विचारलं, बोटं बुडवून पाहिलं, ते आज सांगतो.

केळीचा चीक ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. घड कापला की खोडातून पाण्यासारखा चीक गळतो. अंगावर पडताना त्याला काही रंग नसतो. तासाभरात तो तपकिरी होतो आणि दोन धुण्यांनंतर काळपट. मग साबण, सोडा, लिंबू, काहीही लावा, तो जात नाही. म्हणून बागेत जाणाऱ्या बायामाणसांचे कपडे वेगळे असतात, ते दोरीवरही वेगळे वाळतात. रस्त्याने जाणाऱ्याला दोरीकडे बघून कळतं, या घरातलं कोण केळीत कामाला जातं.

हे घडतं कसं? भरताचं वांगं चिरून ठेवलं की फोडी काळ्या पडतात, तसंच. चिकात तुरट द्रव्यं असतात. हवा लागली की त्यांचा रंग बदलतो आणि ती सुताला घट्ट धरून बसतात. त्यात लोखंड मिसळलं तर रंग आणखी गडद होतो. मुलीला हे एका गंजक्या कोयत्याने शिकवलं. कोयता पुसलेल्या फडक्यावरचे डाग बाकीच्या डागांपेक्षा काळे निघाले. तिने हिराकस आणून चिकात घातला आणि तपकिरीचा राखाडी-काळा झाला. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. जुन्या काळी पोथ्या लिहायची एक काळी शाई याच जोडीतून व्हायची, एक तुरट वस्तू आणि एक लोखंडाची.

आणि इथेच ती नकळत फार जुन्या रस्त्यावर आली. आपण समजतो की छपाई करणारा कापडावर रंग छापतो. जुना छपाईवाला तसं करत नव्हता. तो आधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचा. कापडाला नुसती पिवळट झाक यायची. मग एका ठशाने तुरटीची खळ छापायची, दुसऱ्याने लोखंडाची. लोखंडाची खळ करायला जुना भंगार लोखंडी तुकडा गूळ-पाण्यात कित्येक दिवस आंबत ठेवायचा. हे सगळं छापून झालं तरी कापड विशेष रंगीत दिसत नसे. मग ते आलीच्या मुळ्या घातलेल्या पाण्यात उकळायचं. जिथे तुरटी तिथे लाल, जिथे लोखंड तिथे काळं, आणि उरलेलं धुऊन, उन्हात टाकून पांढरं. एकाच भांड्यातून दोन रंग वर यायचे. रंग भांड्यात असायचा आणि तो कुठे बसायचा याचा हुकूम ठशाने आधीच कापडावर लिहून ठेवलेला असायचा. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

आल म्हणजे आपली बारतोंडी. तिच्या मुळांच्या सालीतून हा लाल निघायचा. निळा निघायचा निळीतून. निळीच्या पिंपातून कापड बाहेर काढताना पिवळट-हिरवं असतं आणि हवेत धरल्यावर डोळ्यांदेखत निळं होतं. या दोन रंगांसाठी खानदेशात ज्या गावाचं नाव होतं ते फैजपूर. इंग्रज सरकारने 1880 साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटियरच्या काळात फैजपूर सुती छपाईसाठी आणि गडद निळ्या व लाल रंगासाठी नावाजलेलं होतं. या मुलीचं खेडं तिथून लांब नाही. शाळेत, कॉलेजात तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला फैजपूर माहीत होतं ते केळीसाठी आणि 1936 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी.

आणखी मागे गेलो तर बऱ्हाणपूर आहे. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी तेव्हा खानदेश सुभ्याची राजधानी होतं. सतराव्या शतकात तिथून गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलंय, की इथलं तलम, फुलांच्या नक्षीचं कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जातं. ते जायचं सुरत बंदरातून. आज जळगाव-धुळ्याच्या बाजारात साड्यांचे गठ्ठे येतात तेही सुरतेहूनच, संगणकावर काढलेल्या आणि यंत्राने छापलेल्या नक्षीचे. रस्ता तोच आहे, माल उलट्या दिशेने येतो.

मधे काय झालं? 1868 साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी लाल रंगाचं मूळ द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. 1897 साली कृत्रिम नीळ बाजारात आली. मुळं खणा, साल कुटा, कापड आठवडेच्या आठवडे धुवा, ही सगळी कटकट एका डब्यात बंद झाली. आलीची शेती मोडली. रंगाऱ्याची पोरं गिरणीत, हमालीत, शिलाईत गेली. यात कुणी खलनायक शोधू नये असं माझं मत आहे. डब्यातला रंग स्वस्त होता आणि गरिबाच्या अंगावर त्याने पहिल्यांदा उजळ लाल चढवला. माझी आजी त्या डब्यांचं कौतुकच करायची, कारण तिच्या सासूचे हात कोपरापर्यंत निळे असत. पण हिरडा आधी की तुरटी आधी, हे सांगणारी माणसं गेली, आणि चारशे पावलांवर जे ज्ञान होतं ते आता एका मुलीला गंजक्या कोयत्याकडून शिकावं लागतं.

फैजपूरच्या अधिवेशनाचा उल्लेख उगाच केला नाही. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, डिसेंबर 1936 मधलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडप आणि कमानी उभारायला गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं. अट एकच, खेड्यात मिळेल त्या सामानातून करायचं. नंदलालांनी बांबू आणि तसलंच साधं सामान घेऊन, गावच्या कारागिरांच्या हातांनी ते नगर सजवलं. हेच नंदलाल छापचित्रकारही होते. काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचं काळ्यावर पांढऱ्या रेघांचं चित्र आपण सर्वांनी पाहिलं आहे. ते 1930 च्या दांडीयात्रेवरचं त्यांचं लिनोवर कोरलेलं छापचित्र. माझ्या ओळखीची ही मुलगी लिनो कोरायला शिकली ती याच चित्राची नक्कल करत.

तिथेच तिची पहिली अडचण सुरू झाली. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं. ज्यांनी खिळ्यांच्या छापखान्यात उभं राहून पुस्तक जुळताना पाहिलंय त्यांना हे माहीत आहे. आमच्या घरात उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून वाचली जायची, त्यामुळे मला उलट्याचं फार भय वाटलं नाही. तिला वाटलं. दुसरी अडचण अधिक खरी. कागदावरची शाई दाट असते, कोरलेल्या जागीच बसते. कापडावर चीक पाण्यासारखा पसरतो, नक्षीचा चिखल होतो. त्यावर उपाय म्हणजे खळ. बाभळीचा डिंक किंवा चिंचोक्याचं पीठ शिजवून चिकात घातलं की तो जागेवर थांबतो. सागाच्या ठशाला छपाईवाले बारीक आरपार भोकं पाडतात, अडकलेली हवा निघून जायला. नाहीतर मधोमध पांढरा ठिपका राहतो. ठशाच्या कोपऱ्यात एक खुणेचा ठिपका असतो. पुढचा ठसा त्या ठिपक्यावर बसवायचा. सगळी नक्षी त्या ठिपक्याच्या भरवशावर चालते आणि चांगल्या कामात तो शोधूनही सापडत नाही.

तिच्या खोडाच्या ठशाला असला ठिपका नाही. खोड आडवं कापलं की आत एकात एक बसलेल्या पापुद्र्यांच्या चंद्रकोरी दिसतात आणि प्रत्येक कोरीत जाळीदार कप्पे. दहा-बारा वेळा छापलं की खोड मऊ पडतं, नवी चकती कापावी लागते आणि नक्षी थोडी बदलते. सकाळचा चीक आणि दुपारचा चीक एकसारखा उमटत नाही. शिक्षक म्हणतात, छापचित्र म्हणजे एकासारखी एक प्रत, वस्त्रकाम म्हणजे न चुकणारी जोड. तुझं हे कशात बसवायचं?

मला अजिंठ्याची आठवण झाली. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून बारा-तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन तिथे येत आणि भित्तिचित्रांच्या नकला करत. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यांनी छतांवरची नक्षीही उतरवली. पहिल्या लेण्याच्या छतात चौकटींमागून चौकटी आहेत, फळं, फुलं, पक्षी. लांबून वाटतं एकच नमुना फिरवला आहे. मान मोडेपर्यंत वर बघा, दोन चौकटी तंतोतंत सारख्या निघत नाहीत. मी तिला एवढंच म्हटलं की जळगावाहून एसटीने जा आणि दिवसभर वर बघून ये. ती गेली. परत येऊन म्हणाली, छतापेक्षा तिला चित्रातल्या बायकांच्या वस्त्रांवरचे पट्टे आवडले, त्यांतले पांढरे हंस आवडले.

शिक्षकांचा प्रश्न सुटेल. आईचा कसा सुटेल ते मला दिसत नाही. मुलीने पहिली पूर्ण साडी छापली, काठापदरासकट, आणि आईपुढे ठेवली. आईने हात फिरवला आणि म्हणाली, ‘हा डाग निघावा म्हणून माझी बोटं झिजली. आता हा नेसून लग्नात जाऊ?’ मराठीत सोन्याच्या दागिन्यालाही डाग म्हणतात, हे मी कवीपणाने सांगून पाहिलं. ती माउली हसली, पण साडी घडी करून परत दिली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पुण्या-मुंबईची बाई ही साडी हौसेने घेईल, कारण तिच्या अंगावर तो डाग मजुरीचा दिसणार नाही.

मुलीने साडी कपाटात ठेवली आहे आणि सध्या ती दुसऱ्याच भानगडीत आहे. लोखंड रंग पक्का करतं, पण सूत कुजवतं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघा सगळ्यांत आधी विरतात त्या त्यामुळेच. तिने हिराकसाचं प्रमाण निम्म्यावर आणलं, मग पावावर. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात बॉलपेनने प्रमाण आणि तारीख लिहिली आहे. सोळा तुकडे आईच्या दोरीवर वाळत आहेत. अर्धे उन्हात, अर्धे छपरीच्या सावलीत. रोज धुण्याबरोबर ते धुण्याचं काम आईने आपण होऊन घेतलं आहे आणि तिचं म्हणणं आहे की सावलीतला नववा तुकडा बाकीच्यांपेक्षा बरा आहे.