डावा हात, लैंगिक कल आणि 'निसर्गाविरुद्ध' हा शिक्का

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन चालतं. गेल्या वर्षीच्या एका रविवारी वाचनाआधी सात-आठ वर्षांची एक मुलगी मूर्तीपुढे फूल ठेवायला गेली. फूल तिच्या डाव्या हातात होतं. मागच्या बाईंनी हातावर हलकी चापट मारली, "उजव्या हातानं ठेव गं." पोरीनं हात बदलला, फूल ठेवलं आणि आईच्या मांडीला टेकून बसली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी आम्हालाही वाटलं नाही.

त्याच महिन्यात नेहमी वंदनेला येणाऱ्या एक मावशी सगळे गेल्यावर मागे थांबल्या. त्यांच्या चोवीस वर्षांच्या मुलानं घरात सांगितलं होतं, मला मुलींविषयी तसं वाटत नाही, माझं लग्न जमवू नका. मावशींनी त्याला एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि लग्न उरकून टाका म्हणाला. मावशींनी आम्हाला एकच विचारलं, "ताई, हे आपल्या धम्मात पाप आहे का?"

आमच्या अभ्यासगटात या प्रश्नावर दोन-तीन बैठका झाल्या, आणि प्रत्येक वेळी ती फूल ठेवणारी मुलगी आठवत राहिली.

आधी आपली भाषाच पाहू. मराठीत पक्षपात करणं म्हणजे 'डावं-उजवं करणं'. मुलीचं लग्न लागलं की ती 'उजवली', मूल राहिलं की 'कूस उजवली'. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा उजवा कौल म्हणजे होकार आणि डावा म्हणजे नकार. इंग्रजीत अशुभ, दुष्ट या अर्थाचा 'सिनिस्टर' शब्द मुळात लॅटिनमधला 'डावा' आहे. जगातल्या सुमारे दहा टक्के माणसांचा हात जन्मतः डावा चालतो. त्यांचा दोष काय, हे मात्र कुठलीही भाषा सांगत नाही.

रॉबर्ट हर्त्झ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९०९ साली उजव्या हाताच्या श्रेष्ठत्वावर एक निबंध लिहिला. हर्त्झ दर्खाइमचा विद्यार्थी. १९१५ साली पहिल्या महायुद्धात तो तरुणपणीच मारला गेला. त्याचं म्हणणं असं की दोन हातांत निसर्गानं ठेवलेला फरक अगदी थोडा आहे. समाज त्याच्यावर पवित्र-अपवित्राचा डोलारा उभा करतो. उजवा हात देवाचा, पुरुषाचा, जेवणाचा. डावा हात मळाचा, जादूटोण्याचा, मृत्यूचा. एकदा अशी वाटणी झाली की डावखुरं मूल केवळ वेगळं राहत नाही, ते विटाळलेलं ठरतं. शरीरातल्या छोट्याशा फरकावर शुद्ध-अशुद्धतेची उतरंड रचणं म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळं समजावण्याची गरज नाही.

धर्मग्रंथांत याच्या खुणा सापडतात. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे उभी केली जातात. डावीकडच्यांच्या वाट्याला अग्नी. हदीसमध्ये उजव्या हातानं खावं-प्यावं असं सांगितलं आहे, कारण सैतान डाव्या हातानं खातो. हिंदू घरांत तीर्थ-प्रसाद उजव्याच हातावर घेतात, आणि तंत्रातल्या बदनाम मार्गाचं नावच वामाचार. आपण बौद्ध यातून सुटलो आहोत असं समजू नये. स्तूपाची प्रदक्षिणा उजवी बाजू स्तूपाकडे ठेवून होते, चीवर घेताना उजवा खांदा उघडा ठेवतात, कुशीनारात तथागत उजव्या कुशीवरच पहुडले होते. हे सगळे आदराचे रिवाज आहेत. डाव्या हातानं फूल ठेवल्यानं अकुशल कर्म घडतं असं मात्र धम्म म्हणत नाही. 'सम्यक' शब्दातही उजवेपण नाही, ते इंग्रजी भाषांतरातल्या 'राइट'मुळे आल्यासारखं वाटतं.

डाव्या हाताला शाळांनी मारून मारून उजवं केलं, त्याला फार काळ लोटलेला नाही. अमेरिकेत १९०० च्या आसपास जन्मलेल्यांत डाव्या हातानं लिहिणारे तीन-चार टक्क्यांच्या घरात होते. विसाव्या शतकाच्या मध्यात जन्मलेल्यांत तेच प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं. मधल्या काळात डावखुरेपणाची साथ आली नव्हती. छडी थांबली, एवढंच झालं. "हल्ली हे समलिंगी फारच वाढलेत" असं म्हणणाऱ्या काकांसाठी हा आकडा आम्ही जपून ठेवला आहे.

आता विज्ञानाकडे. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत पाहिलं की गर्भातलं बाळ पंधराव्या आठवड्याच्या सुमारास एका हाताचा अंगठा पसंतीनं चोखतं. पुढे २००५ साली त्यांनी तीच मुलं मोठी झाल्यावर पाहिली, तर उजवा अंगठा चोखणारी सगळी साठच्या साठ मुलं उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावखुरी, पाच उजवी. म्हणजे कल जन्माआधीचा, पण एखाद्या ठरलेल्या बटणासारखा नाही. लैंगिक कलाचंही चित्र याच्याशी जुळतं. २०१९ साली पावणेपाच लाखांहून अधिक माणसांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 'समलिंगी जनुक' म्हणावं असं एकही जनुक मिळालं नाही. अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा आहे आणि त्याखेरीज इतर गोष्टीही आहेत, असं दिसलं. दोन्ही बाबतींत माणूस सकाळी उठून ठरवत नाही, आणि छडी, गोळी किंवा लग्न यांनी तो बदलत नाही. फार तर लपवायला शिकतो.

इथे आमच्या गटातल्या एका कार्यकर्त्यानं हरकत घेतली आणि ती रास्त होती. तो म्हणाला, "जन्मजात, जन्मजात काय लावलंय? जातही जन्मानंच चिकटवतात ना? जन्मावरून माणूस ठरवायला आपला विरोध आहे." यावर आम्ही बराच वेळ अडलो. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की गवत, किडे, पक्षी यांच्यात जन्मानं वेगवेगळ्या खुणा असतात, माणसामाणसांत तशा नसतात. माणूस कर्मानं ओळखावा. मग निष्कर्ष असा निघतो की एखादी गोष्ट जन्मजात आहे म्हणून ती चांगली ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. उद्या कुणी हौसेनं डाव्या हातानं लिहायला लागला, तरी त्यानं कुणाचं काय बिघडवलं? जन्मजात असण्याचा मुद्दा 'हा बिघडलाय, याला सुधारा' म्हणणाऱ्याला थांबवायला उपयोगी आहे. माणसाची प्रतिष्ठा त्याच्यावर टांगून ठेवू नये.

कसोटी पंचशीलात आहे. तिसरं शील कामातल्या मिथ्याचारापासून दूर राहण्याचं. मज्झिम निकायातल्या सालेय्यक सुत्तात मिथ्याचार म्हणजे काय ते उलगडून सांगितलंय: आई, बाप, भाऊ, नातलग यांच्या संरक्षणात असलेल्या, पती असलेल्या, वाग्दत्त झालेल्या स्त्रीशी संबंध ठेवणं. फसवणूक आणि दुसऱ्याच्या घराची हानी हा त्याचा गाभा. त्या यादीत समलिंगी प्रेमाचा उल्लेख नाही. विनयात भिक्खूंना कुठलाच लैंगिक संबंध चालत नाही, तो कुणाशीही असो, हा वेगळा मुद्दा. विनयात 'पंडक' म्हटलेल्यांना उपसंपदा नाकारलेली आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच विनयात एका भिक्खूच्या शरीरात स्त्रीची लक्षणं प्रकटल्याची कथा आहे. तथागतांनी तिला हाकललं नाही. तीच उपसंपदा, तितकेच वर्षावास मोजून तिला भिक्खुणींमध्ये राहायला सांगितलं.

काही ठिकाणी ऐकू येतं की हे मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ आहे. थेरवादी देशांत अशी समजूत जुनी आहे. पण बाबासाहेबांचा ग्रंथ वाचणाऱ्याच्या तोंडी ती शोभत नाही. मागल्या जन्मीचं कर्म माणसाला या जन्मीच्या दुःखाचं उत्तरदायी ठरवतं, ही कल्पना त्यांनी त्याच ग्रंथात नाकारली आहे. अस्पृश्यतेचं समर्थनही याच कल्पनेतून होत असे.

बाबासाहेबांचा आणखी एक संदर्भ तरुणांना ठाऊक असायला हवा. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली जात. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयीच्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ साली मुंबईत कर्व्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. लैंगिक प्रश्नाची चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा दाखला देत, ज्यांच्यात असा कल उपजत आहे त्यांचं त्यात काही चुकत नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकते झालेले, अंगावर देशभराची कामं. तरीही हे वकीलपत्र त्यांनी घेतलं.

मग धर्मांनी डाव्या हाताला माफ केलं आणि समलिंगींना नाही, असं का? आज कुठला पाद्री डावखुऱ्या मुलाला नरकाची भीती घालत नाही. आम्हाला याचं उत्तर १९१६ च्या 'भारतातील जाती' या निबंधात दिसतं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, असं बाबासाहेबांनी तिथे दाखवलं. डाव्या हातानं लिहिलं तर वंश, हुंडा, जमीन, सोयरिक यांपैकी काहीच हलत नाही. मुलानं किंवा मुलीनं लग्नालाच नकार दिला तर सगळंच हलतं. म्हणून २००९ साली दिल्ली हायकोर्टाच्या कलम ३७७ वरील निकालाविरुद्ध एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे एकत्र आले: एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती संघटना. ज्याच्या रक्षणासाठी ते धावले ते कलम कुठल्या धर्मग्रंथातलं नव्हतं, १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतलं होतं. ते बौद्धबहुल म्यानमारमध्ये अजून आहे, श्रीलंकेत त्याच घराण्यातलं कलम आहे. भूताननं २०२१ मध्ये आपल्याकडचं काढलं, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. तैवानमध्ये तर कायद्याच्या आधी, २०१२ साली, भिक्खुणी चाओ-ह्वेई यांनी दोन स्त्रियांचं लग्न लावलं होतं.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टानं प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं, आणि ते करताना बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नैतिकतेचा आधार घेतला. लग्नाचा हक्क २०२३ च्या निकालात मिळाला नाही. 'कल बदलून देतो' म्हणणारे उपचार मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. हे कार्यकर्त्यांनी पाठ ठेवावं, कारण असे डॉक्टर आणि त्यांच्या गोळ्या वस्तीत येतच असतात.

मावशींना आम्ही यातलं फार थोडं सांगितलं. पाप नाही, आजार नाही, त्या गोळ्या बंद करण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, एवढंच. आणि त्यांनी विचार न केलेली एक गोष्ट: लग्न लावलंत तर ज्या मुलीला सून म्हणून आणाल, तिचं काय? मिथ्याचाराची फसवणूक तिथे घडेल, आणि ती आपण घडवलेली असेल. मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिच्या आईच्या जागी मी असते तर मला चाललं नसतं."

ठरत आलेली सोयरिक त्यांनी मोडली. मुलाच्या वडिलांनी अजून त्याच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही. मुलगा मात्र या वर्षावासात दोन रविवार येऊन गेला, मागच्या रांगेत बसला. फूल ठेवणारी मुलगी पुढच्या रांगेत असते, वहीत काहीतरी लिहीत. कुठल्या हातानं, हे आता तिला कुणी विचारत नाही.