आई गेल्यावरही...

मुलांनो, ‘श्यामची आई’ तुम्ही वाचलंच असेल. नाहीतर आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा सिनेमा तरी पाहिला असेल. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. गंमत म्हणजे त्यात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत! श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो.

आमच्या चौथीच्या वाचनकट्ट्यावर शेवटची रात्र वाचून झाली. एका मुलीनं विचारलं, “आईचा देवावर एवढा विश्वास होता, मग देवानं तिला का नाही वाचवलं?” सगळे गप्प.

जरा वेळानं एक मुलगा म्हणाला, “श्यामचे पाय मळू नयेत म्हणून तिनं धोंड्यावर लुगड्याचा ओचा पसरला होता. मनही तसंच जप म्हणाली. ते श्याम विसरला नाही. म्हणजे ती आहेच की!”

प्रश्न सुटला? नाही. आईच्या अखेरच्या क्षणी श्याम जवळ नव्हता, हे दुःखही उरतंच. पण त्यानं ते मित्रांपासून लपवलं नाही.

पालकांनो, रोज एक रात्र मुलांसोबत मोठ्यानं वाचा. वाचताना तुमचा गळा दाटून आला, तर खुशाल थांबा. मुलं थांबतील.