पाचशे सत्तर शब्द आणि चांद्याचे जंगल

पहिलीपासून हिंदी असावी की नसावी, या प्रश्नावर १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ अशा दोन तारखांचे शासननिर्णय निघून ते २९ जूनला मागे घेतले गेले आणि प्रकरण डॉ. नरेंद्र जाधव समितीच्या दप्तरी दाखल झाले, हे वाचकांस मुखोद्गत आहे. परंतु त्या साऱ्या रणधुमाळीत इंग्रजीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण ती २००० सालापासून पहिलीच्या वर्गात ठाण मांडून बसली आहे, आणि ती तेथे आहे एवढ्यावरच उभय पक्षांचे समाधान असल्यामुळे मुलांना ती येते किती, याची रुजुवात घालण्याची तसदी कोणी घेत नाही.

ती घालायचीच तर चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत घालावी. १९८२ पूर्वी हा एकच जिल्हा होता, १९५६ पर्यंत तो हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांत कारभार चालवणाऱ्या प्रांतात मोडत असे, आणि आजही बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या आणि कोळसा खाणींच्या वसाहतींत हिंदी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीतील निर्वासितांच्या गावांत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी आणि भामरागड-एटापल्लीत माडिया कानी पडते. इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवून देण्याचा विडा उचललेली जी पुस्तके या मुलखात खपतात, ती बहुतांशी हिंदी भाषिकांसाठी रचलेली: डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये नागरीत उच्चार आणि उजवीकडे संस्कृतप्रचुर हिंदी अर्थ. बल्लारपूरच्या विद्यार्थ्याचा त्यावर कसाबसा निर्वाह होतो; पण घरी माडिया बोलून शाळेत मराठी शिकलेल्या एटापल्लीच्या मुलीला अज्ञात शब्दाचा अज्ञात अर्थ पाठ करण्याची शिक्षा भोगावी लागते. आणि शब्द तरी कोणते? उंचीच्या भयाला, बालहत्येला आणि पक्ष्यांच्या शास्त्राला इंग्रजीत एकेका शब्दात काय म्हणतात, हे ज्याला घडघडा सांगता येते, त्याला सरकारी इंग्रजी पत्राचा एक परिच्छेद उलगडता येईलच असे नाही. तरीही केंद्रीय नोकरभरतीच्या परीक्षांत असलेच प्रश्न विचारले जात असल्यामुळे शिकवणी-वर्ग तोच माल विकतात, आणि त्यात दोष गिऱ्हाइकाचा नव्हे.

या खुळावरचा उतारा शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात लिहिला गेला. तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील द्वैभाषिकत्वावर १९२६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात साहेबी शिरस्त्याला न शोभणारा एक विचार आहे. शाळेत आलेली बहुसंख्य मुले शिक्षणक्रम अर्ध्यावर सोडून जातात, ही गोष्ट इतर अंमलदारांप्रमाणे केवळ तक्त्यात नोंदवून न थांबता वेस्ट यांनी असा सवाल केला, की विम्याचे हप्ते मध्येच थांबवणाऱ्यालाही जर पॉलिसीची काही ‘सरेंडर व्हॅल्यू’ मिळते, तर चौथ्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती त्याने तोवर शिकलेल्या इंग्रजीचे मोल म्हणून काय पडते? उत्तर होते: काहीही नाही; कारण अखेरच्या वर्गात पोचणाऱ्या मूठभरांच्या सोयीने रचलेल्या त्या क्रमात आरंभीची वर्षे केवळ पायाभरणीत खर्ची पडत. तेव्हा मुलाला प्रथम वाचता यावे, धड्यात नवे शब्द थोडे आणि मजकूर भरपूर असावा, दुर्मीळ शब्दाच्या जागी प्रचारातला शब्द यावा, अशी तजवीज त्यांनी आपल्या वाचनमालेत केली. आणि १९५३ साली सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची जी यादी त्यांच्या नावाने निघाली, तिचे ऋण जगभरच्या पाठ्यपुस्तकांवर आहे. बोलण्याकडे वेस्ट यांनी काणाडोळा केला, ही उणीव खरीच, आणि मुलाखतींच्या या युगात ती बोचतेही; पण गळतीचा विचार शब्दांच्या निवडीपर्यंत नेणारा माणूस आपल्या शिक्षणखात्यांना अद्याप लाभायचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते दोन हजार शब्द साधारण मजकुराचा सुमारे ऐंशी टक्के भाग व्यापतात. पुढची पायरी न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली बांधली. विविध विद्याशाखांतील ग्रंथ चाळून त्यांनी ५७० शब्दकुळांची अशी यादी केली, की जी पहिल्या दोन हजारांत येत नाहीत, पण विद्वज्जनांच्या लेखनाचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाप्रमाणे वृत्तपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचण्यास आठ-नऊ हजार शब्दकुळे लागतात हे खरे. तथापि वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्याने श्रम कोठे करावेत, याचा निर्वाळा त्या ५७० मध्येच मिळतो. प्रगत शब्दसंग्रह म्हणजे दागिन्यांची पेटी अशी जी समजूत रूढ झाली आहे, ती निखालस चुकीची आहे.

आता हे सारे जंगलाशी ताडून पाहावे. सुरजागडच्या लोहखनिजाने ज्या गडचिरोली जिल्ह्याचे भवितव्य बदलू घातले आहे, तेथील जनसुनावण्यांचा मुख्य दस्तऐवज ‘एन्व्हायर्न्मेंट इम्पॅक्ट असेसमेंट’ या नावाचा असतो. त्याचा केवळ सारांश स्थानिक भाषेत देण्याचे बंधन २००६ च्या अधिसूचनेत आहे, मूळ अहवाल इंग्रजीतच राहतो. आणि या नावातले तिन्ही शब्द कॉक्सहेड यांच्या यादीत आहेत. संमतीसाठी येणारा ‘कन्सेंट’, भरपाईचे मूळ असलेला ‘कॉम्पेन्सेट’, ‘रिसोर्स’ आणि ‘कम्युनिटी’ हेही तेथेच भेटतात. म्हणजे वेलिंग्टनमध्ये विद्यापीठीय ग्रंथांवरून झालेली यादी एटापल्लीच्या ग्रामसभेला जशीच्या तशी लागू पडते, आणि पक्षिशास्त्राच्या नावाची मात्र तेथे कोणाला गरज भासत नाही.

अशा शब्दांवर हक्क अवलंबून असतात, हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने अनुभवले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रेरणेने तेथे अभ्यासगट चालत. बाहेरचे जाणकार बोलावून ग्रामस्थ जंगल आणि कायदा यांवर चर्चा करीत, आणि निर्णय सर्वसहमतीनेच घेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट समावेश केला होता. पण १९२७ चा भारतीय वन कायदा त्याला झाडांत गणत होता, आणि वनखाते त्या जुन्या व्याख्येला धरून बसले होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळूनही गावाला बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना. तो अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ग्रामसभेच्या हाती दिला. अंमलदाराने सांगितलेला अर्थ मुकाट्याने न स्वीकारता मूळ कलमात काय लिहिले आहे ते विचारायचे, ही सवय याद्या पाठ करून लागत नाही.

मग साधन कोणते? नॉर्मन लुइस यांचे १९४९ पासून खपत असलेले पुस्तक लॅटिन-ग्रीक मूळरूपांवरून शब्दकुळे शिकवते, आणि ती युक्ती आपल्या मुलांस मुळीच परकी नाही. प्रहार, विहार, संहार, उपहार ही एका धातूची लेकरे त्यांनी मराठी व्याकरणाच्या तासाला पाहिलेली असतात. परंतु इंग्रजीचा तास आणि मराठीचा तास यांच्यामध्ये आपण अशी भिंत घातली आहे, की एका खोलीतले ज्ञान दुसऱ्या खोलीत नेण्याची मुभा नाही. हिंदी भाषिकांना निदान रांचीच्या फादर कामिल बुल्के यांचा १९६८ चा इंग्रजी-हिंदी कोश उपलब्ध आहे, आणि तो पाठांतराच्या पुस्तकांहून शतपटीने प्रामाणिक आहे. माडिया मुलीसाठी असे काही तिच्या भाषेत व्हावे, ही मागणी मात्र त्रिभाषेच्या वादात कोणत्याही बाजूच्या निवेदनात ठळकपणे आली नाही.

जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत असा दुहेरी तयार होतो, आणि ही कागदपत्रे जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत लोकांना पाहण्यासाठी ठेवावी लागतात. दोन्ही जिल्ह्यांतील नववी-दहावीच्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की या दोन्ही सारांशांच्या नकला मिळवून त्यांनी त्या वर्गात शेजारी शेजारी ठेवाव्यात, मराठी परिच्छेद आधी वाचावा, इंग्रजी नंतर, आणि शब्दांची यादी मुलांकडूनच करवून घ्यावी.