हात थरथरण्याआधीच पार्किन्सन रोखता येईल का? चाचणी कशी होते, समजून घ्या

पार्किन्सनमध्ये हात थरथरू लागतात, तोवर मेंदूतल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. त्यामुळे रोग रोखणाऱ्या औषधाची चाचणी त्याआधीच घ्यावी लागते. पण माणसं कशी निवडायची? एक खूण म्हणजे झोपेत स्वप्नाप्रमाणे ओरडणं, लाथा मारणं. हा विकार तपासणीत पक्का झालेल्या १,२८० जणांच्या २०१९ च्या अभ्यासात वर्षाला साधारण ६ टक्क्यांना पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशासारखा आजार जडला. म्हणजे शंभरात सहाच! म्हणून शेकडो माणसं आणि काही वर्षं लागतात. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. रोग रोखणारं औषध अजून सिद्ध झालेलं नाही. घरात कुणी झोपेत असं करत असेल, तर बाहेरची बाधा समजू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.