जुना पंखा: किलोचा भाव आणि खरी किंमत

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुऱ्याकडचे जुने वाडे उतरवले जातात, तेव्हा माळ्यावरचे पंखेही खाली येतात. काही थेट भंगारात किलोवर जातात, तर काहींना जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात 'अँटिक' म्हणून वाटेल तो भाव सांगितला जातो. दोन्ही ठिकाणी पंखा कुणी नीट पाहिलेलाच नसतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुना म्हणजे महाग, हा पहिला गैरसमज. उषा, ओरिएंट, क्रॉम्प्टन यांचे पंखे घरोघरी होते. पन्नास-साठ वर्षांचा असा नग दुर्मिळ ठरत नाही. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरायला साधारणपणे किमान शंभर वर्षे लागतात, म्हणून 1955च्या पंख्याला तो शब्द लावता येत नाही. परदेशी पंख्यांच्या पट्टीवर पेटंटची साले असतात, ती बनवल्याची साले समजू नयेत. पंखा त्यानंतर कितीतरी वर्षांनी तयार झालेला असू शकतो. पट्टीवरचा व्होल्टेज मात्र जरूर वाचा. अमेरिकेतला 110 व्होल्टचा पंखा आपल्या 230 व्होल्टवर थेट लावला, तर कॉइल जळते. 'डीसी' लिहिले असेल तर तो घरच्या एसी प्लगला लावूच नये. कोलकात्यासारख्या शहरात डीसी पुरवठा अनेक दशके होता, त्यामुळे असे पंखे आजही फिरत फिरत इकडे येतात.

पितळेबद्दल बोलायचे तर लोहचुंबक जवळ ठेवावा. चिकटला तर पात्याचा पत्रा लोखंडी आहे, वर फक्त मुलामा. चिकटला नाही म्हणजे पितळच असे नाही, कारण ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. विकण्याआधी पात्यांना बफ मारून चकचकीत करण्याची घाई करू नका. बफने धातू झिजतो, कोरलेली अक्षरे पुसट होतात. जाळीवर नवा रंग मारल्याने किंमत वाढते असेही लोकांना वाटते, पण जाणकार संग्राहक मूळ रंगाला, तो थोडा उडालेला असला तरी, जास्त पैसे देतो.

सगळ्यात धोक्याचा समज म्हणजे 'फिरतोय ना, मग चांगला आहे.' जुन्या वायरवरचे रबर आणि सुती वेष्टण वाळून तडकते. पंख्याचे अंग लोखंडी, प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाही. वायर आतून अंगाला टेकली तर झटका हात लावणाऱ्यालाच बसतो. म्हणून प्लग लावण्याआधी पाते हाताने फिरवून बघा: सहज फिरले पाहिजे, शाफ्ट वरखाली हलता कामा नये. हलला तर बुश गेले आहेत. मग इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि अंग यांच्यातला रोध मोजून घ्या. तो एक मेगाओहमच्या खाली असेल, तर पंखा लावू नये. त्यानंतरच सिरीज बोर्डावर, म्हणजे मध्ये बल्ब जोडून, तो सुरू करावा; बल्ब पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर कॉइल शॉर्ट असण्याचा संशय घ्यावा. सगळे ठीक असेल तर तासभर चालवून मोटारीचे तापमान बघा. कोमट चालेल, जळका वास चालणार नाही.

वेग कमी म्हणून पंखा बाद करण्याचीही गरज नसते. कंडेन्सरच्या पंख्यात बहुधा तोच उतरलेला असतो आणि नवा फार स्वस्त मिळतो. मात्र अडकलेल्या बुशमध्ये खोबरेल तेल घालू नका. ते घट्ट होऊन शाफ्ट जाम करते. हलके मशीनचे तेल वापरा.

रिवाइंडिंग झालेला पंखा निकामी ठरत नाही. तारेची जाडी मूळची ठेवली असेल तर तो उत्तम चालतो; फक्त विकताना ते लपवू नये.

भाव खरा ठरतो तो अस्सल आणि पुऱ्या सुट्या भागांवर: नावाची पट्टी, मूळ जाळी, मूळ पाती, मूळ रेग्युलेटर, बुडाखालचे झाकण. यातले काहीही हरवले की जोड मिळणे अवघड, म्हणून माळ्यावर पंखा सापडला की आसपासचे खोके आणि डबेही तपासावेत. जुन्या जाळ्यांच्या तारांमध्ये मुलांची बोटे सहज जातील एवढी फट असते. पंखा चालवायचा असेल तर उंचावर ठेवा.